व्हेंटिलेटरवरच्या बाबांजवळ बसताना

पत्र: माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. न्यूमोनिया झाला, इन्फेक्शन रक्तात पसरलं आणि गेले सहा दिवस ते आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. आत दहा मिनिटंच सोडतात. परवा गुंगी कमी केली तेव्हा त्यांनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं, सिस्टरचा हात झटकला आणि नळी ओढायला गेले. काल गेले तर दोन्ही मनगटं पलंगाला बांधलेली. मला तिथेच रडू फुटलं. डॉक्टर रोज ‘क्रिटिकल आहेत, पण स्टेबल आहेत’ एवढंच सांगतात. भाऊ म्हणतो सुधारणा आहे, मला तसं काही ऐकूच आलं नाही. त्यावरून आमचे खटके उडतायत. रात्रंदिवस आम्ही बाहेरच्या खुर्च्यांवर आहोत. आमच्यापासून काही लपवतायत का? अजून किती दिवस? आणि आम्ही नेमकं करायचं काय?
– एक मुलगी

प्रिय ताई,

आधी त्या बांधलेल्या हातांबद्दल बोलते, कारण तेच दृश्य तुम्हाला झोपू देत नसणार. अतिदक्षता विभागात सिस्टर म्हणून मी नोकरीतली बहुतेक वर्षं काढली आहेत. अर्धवट जाग आलेला माणूस तोंडातली नळी ओढायला जातोच. घशात काहीतरी अडकलंय आणि ते काढायचंय, एवढंच त्याला त्या वेळी कळत असतं. ती नळी जागेवर राहावी म्हणून तिच्या टोकाशी हवा भरलेला छोटा फुगा असतो. झटक्यात ओढली तर तो फुगा स्वरयंत्राला घासत बाहेर येतो, श्वास अडतो, आणि आधीच नाजूक असलेल्या माणसाला घाईघाईत पुन्हा नळी घालावी लागते. हे टाळायला मऊ पट्ट्या बांधतात.

पण बांधणं हा शेवटचा उपाय असावा, आणि त्याबद्दल विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ‘पट्ट्या किती वेळाने सोडून बघता? मी शेजारी हात धरून बसले तर तेवढा वेळ सोडाल का?’ असं शांतपणे विचारा. बऱ्याच सिस्टर हो म्हणतील, कारण घरचं माणूस हात धरून बसलं की रुग्णाची तगमग कमी होते हे आम्ही रोज बघतो. पट्टीखाली दोन बोटं सहज जातायत ना, बोटं गार किंवा निळसर नाहीत ना, एवढं तुम्हीही बघा. काही खटकलं तर लगेच सांगा.

त्यांनी तुम्हाला ओळखलं नाही म्हणजे मेंदू गेला, असा अर्थ लावू नका. गंभीर आजार, गुंगीची औषधं, मोडलेली झोप आणि दिवसरात्र सारखेच दिवे, सारखेच आवाज. यात माणसाचं भान सुटतं. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये, त्यातही वय झालेल्यांमध्ये, तो सर्रास दिसतो. कोणाला भिंतीवर किडे दिसतात. कोणाला वाटतं सिस्टर आपल्याला विष टोचतायत. जन्मात कोणाला अरे-तुरे न केलेला माणूस शिव्या द्यायला लागतो. याचा आणखी एक प्रकार असतो, त्यात रुग्ण नुसता छताकडे बघत पडून राहतो. घरच्यांना वाटतं, आज शांत आहेत. तोही डिलिरियमच, आणि तो नजरेतून सुटतो म्हणून तुम्ही सांगितलेलं उपयोगी पडतं. ‘आज नेहमीसारखे वाटत नाहीत’ हे वाक्य डॉक्टरांना कोणत्याही तपासणीतून मिळत नाही, ते तुमच्याकडूनच मिळतं.

डिलिरियम कमी-जास्त होत राहतो. सकाळी ओळखतील, संध्याकाळी ओळखणार नाहीत. बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो, काहींना आठवडे लागतात. मात्र एक बाजू हलत नाही, चेहरा एकीकडे ओढला गेलाय, किंवा गुंगीचं औषध बंद करून बराच काळ झाला तरी जाग नाही, असं काही दिसलं तर ते वेगळं असू शकतं. ते त्याच वेळी सांगायचं, भेटीची वेळ संपेपर्यंत थांबायचं नाही.

आता एक सवय मोडायला सांगते. पलंगाशी गेलं की आपण सगळे पहिलं काय विचारतो? ‘बाबा, मला ओळखलंत का?’ ज्याचं भान हरपलंय त्याची ती परीक्षा होते, आणि उत्तर देता आलं नाही की तो अजून घाबरतो. त्याऐवजी तुम्हीच सांगा. ‘बाबा, मी आलेय,’ आणि तुमचं नाव. आज वार कोणता, सकाळ आहे की संध्याकाळ. तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात, न्यूमोनिया झाला होता, श्वासासाठी नळी घातली आहे, म्हणून बोलता येत नाहीये, नळी निघाली की आवाज येईल. हेच दर भेटीत, जणू पहिल्यांदाच सांगताय असं. भिंतीवर किडे दिसतायत म्हणाले तर वाद घालू नका आणि होलाही हो देऊ नका. ‘मला दिसत नाहीत, पण तुम्हाला भीती वाटतेय ना, मी आहे इथे’, एवढं पुरतं. चश्मा लावत असतील, कानाला यंत्र असेल, तर सिस्टरला विचारून ते नेऊन द्या. धूसर दिसणारा आणि नीट ऐकू न येणारा माणूस त्या खोलीत दुप्पट हरवतो.

नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, त्यामुळे ते शुद्धीवर असले तरी आवाज फुटत नाही. हो-नाहीत उत्तर देता येईल असा एका वेळी एकच प्रश्न विचारा. दुखतंय का? तहान लागलीय का? हाताला जोर असेल तर वही-पेन द्या. अक्षर लागणार नाही कदाचित, तरी द्या.

यंत्रांबद्दल थोडक्यात. नाकातली बारीक नळी पोटात जाते, ती अन्नासाठी. मानेतली औषधांसाठी, मनगटातली बहुतेक वेळा दर ठोक्याचा रक्तदाब मोजण्यासाठी, खाली पिशवी आहे ती लघवीची. चेहरा आणि हात सुजलेले दिसतील. रक्तात इन्फेक्शन असताना शिरांमधून दिलेलं पाणी ऊतींमध्ये झिरपतं, त्याची ती सूज. बघायला वाईट वाटतं, पण मूत्रपिंडं पूर्ववत काम करू लागली की ती उतरते.

मॉनिटरकडे मात्र बघत बसू नका, हे मी आग्रहाने सांगते. आत मिळालेली दहा मिनिटं त्या पडद्याकडे बघण्यात गेलेली नातेवाईक मंडळी मी फार पाहिली आहेत. ऑक्सिजनचा आकडा शंभर नाही म्हणून जीव टांगणीला लावण्याचं कारण नाही. बऱ्याच रुग्णांत तो मुद्दामच ९२ ते ९६च्या आसपास ठेवतात. आणि अलार्म दिवसभर वाजतात. एक प्रसंग तर तुमच्यासमोर नक्की घडेल. सिस्टर नळीतून बारीक कॅथेटर घालून कफ ओढते. रुग्ण जोरात खोकतो, चेहरा लाल होतो, डोळ्यांतून पाणी येतं, व्हेंटिलेटर कोकलायला लागतो, ऑक्सिजनचा आकडा खाली घसरतो. घरच्यांना वाटतं, आता गेले. दहा-पंधरा सेकंदांत कॅथेटर बाहेर येतो आणि मिनिट-दोन मिनिटांत आकडा जागेवर येतो. ते खोकणं आम्हाला हवंच असतं, कारण खोकला येतोय म्हणजे शरीर आपली वाट मोकळी करायला धडपडतंय. अलार्म वाजला की पडद्याकडे नको, सिस्टरच्या चेहऱ्याकडे आणि हालचालीकडे बघा. ती निवांत येऊन बटण दाबत असेल तर तुम्हीही श्वास सोडा.

व्हेंटिलेटर न्यूमोनिया बरा करत नाही. तो फक्त वेळ मिळवून देतो. मोडलेलं हाड प्लास्टरमुळे जुळत नाही, प्लास्टर ते जागेवर धरून ठेवतं आणि हाड आपलं आपण जुळतं, तसंच हे. अतिदक्षता विभाग सुरू झाला तोच या एका कल्पनेवर. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून माणसं मरत होती. बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन तिथे नळी बसवायची आणि पिशवी हाताने दाबून फुप्फुसात हवा भरायची, असं सुचवलं. यंत्रं पुरेशी नव्हती. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, तासन्‌तास, आठवडेच्या आठवडे त्या पिशव्या दाबत बसले, आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने उतरलं. पोलिओवर औषध तेव्हाही नव्हतं. शरीराला सावरायला वेळ मिळाला, इतकंच. तुमच्या बाबांच्या बाबतीत मूळ काम अँटिबायोटिक आणि त्यांचं शरीर करतंय. व्हेंटिलेटर, रक्तदाबाची औषधं, हे सगळं ते काम पुरं होईपर्यंत खिंड लढवतंय.

म्हणूनच डॉक्टरांना विचारायचा प्रश्न ‘कसे आहेत?’ हा नाही. त्या प्रश्नाला ‘क्रिटिकल, पण स्टेबल’ हेच उत्तर येणार. त्याचा अर्थ एवढाच की आधार अजून मोठा लागतोय आणि कालच्यापेक्षा बिघडलेलं नाही. यात लपवाछपवी नसते, पण पुरेशी माहितीही नसते. तुम्ही दिशा विचारा. व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन किती टक्के द्यावा लागतोय? साध्या हवेत २१ टक्के असतो, त्यामुळे ८० वरून ४० वर आलाय म्हणजे फुप्फुसं सुधारतायत. रक्तदाब टिकवायचं औषध, बहुधा नॉरअ‍ॅड्रेनालिन, वाढवावं लागतंय की कमी होतंय? लघवी होतेय का? साधारण ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलिलिटरच्या आसपास तरी व्हायला हवी. गुंगी कमी केल्यावर सांगितलेलं ऐकतात का, डोळे उघडा म्हटल्यावर उघडतात का? हे चारच. एखाद्या दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, दोन-तीन दिवसांची चाल बघा. आयसीयूत सरळ रेषेत कोणी बरं होत नाही. दोन दिवस चांगले जातात, तिसऱ्या दिवशी ताप येतो. घरच्यांचं मन त्या तिसऱ्या दिवशी मोडतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

भावाबद्दल. मला वाटतं तुम्ही दोघंही खरं बोलताय. भावाला कोणीतरी ‘ऑक्सिजन कमी लागतोय’ सांगितलं असेल, तुम्हाला कोणीतरी ‘किडनीवर ताण आहे’ सांगितलं असेल. एकाच दिवशी दोन्ही खरं असू शकतं. शिवाय एवढ्या ताणात माणूस ऐकलेल्यातलं निम्मंही धरून ठेवू शकत नाही, आणि जे धरतो ते आपल्या आशेप्रमाणे किंवा भीतीप्रमाणे. यावर उपाय असा की घरातलं एकच माणूस रोज डॉक्टरांशी बोलेल असं ठरवा आणि ते नाव सिस्टरकडे लिहून द्या. बोलताना वहीत लिहून घ्या. शेवटी आपल्या शब्दांत परत सांगा, ‘म्हणजे डॉक्टर, फुप्फुसं सुधारतायत पण किडनीची काळजी आहे, बरोबर?’ यातच निम्मे गैरसमज मिटतात. आणि दोन-तीन दिवसांतून एकदा दोघांनी मिळून, खुर्चीत बसून, मुख्य डॉक्टरांची दहा-पंधरा मिनिटं मागा. कॉरिडॉरमध्ये चालता चालता मिळालेली माहिती माहिती म्हणून धरू नका. कोणी वेळ देत नसेल तर पुन्हा मागा. ते तुमचं देणं लागतात, यात भीड कसली?

किती दिवस, हे आज तारीख देऊन कोणीही सांगू शकणार नाही. पुढचे टप्पे मात्र मी सांगू शकते. रोज गुंगी कमी करून बघतात. आधार कमी लागायला लागला की अर्धा तास ते दोन तास जवळजवळ स्वतःच्या बळावर श्वास घ्यायला लावून बघतात. त्यात पास झाले, खोकला जोरदार असला, सांगितलेलं समजत असलं की नळी काढतात. दहातल्या एखाद-दोघांना ती पुन्हा घालावी लागते. तसं झालं तर ते अपयश समजू नका. नळी काढायला बरेच दिवस लागणार असं दिसलं, साधारण आठवडा ते दोन आठवड्यांनी, तर गळ्याला छोटा छेद देऊन नळी बसवण्याबद्दल विचारतील. ट्रॅकिओस्टॉमी हा शब्द ऐकून नातेवाईक हादरतात. खरं तर तोंड मोकळं होतं, गुंगी कमी लागते, माणूस बसू शकतो, आणि गरज संपली की नळी काढतात व बहुतेकांचं ते छिद्र आपोआप बुजतं.

आता अवघड भाग. तो टाळला तर या पत्राला काही अर्थ राहणार नाही. पूर्ण उपचार करूनही काही माणसं वाचत नाहीत, आणि काही वाचतात पण पूर्वीसारखी होत नाहीत. हे बोलणं शेवटच्या रात्री, फोनवर, घाईत होऊ नये म्हणून आत्ताच डॉक्टरांना विचारून ठेवा. ‘चांगल्यात चांगलं काय होईल? वाईटात वाईट काय? आणि तुम्हाला सगळ्यात जास्त शक्यता कशाची वाटते?’ हे तीन प्रश्न विचारले की डॉक्टरही मोकळं बोलतात. चित्र धूसर असेल तेव्हा ‘पुढचे चार-पाच दिवस सगळं करू, अमुक गोष्टी सुधारतायत का बघू, मग पुन्हा बसू’ असं ठरवता येतं. मला ही पद्धत सगळ्यात माणुसकीची वाटते. त्यात आशाही सुटत नाही आणि फरफटही होत नाही.

त्या बैठकीत तुमच्याकडून एकच गोष्ट हवी असते, आणि ती जगात दुसऱ्या कोणाकडे नाही. बाबा स्वतः बोलू शकले असते तर काय म्हणाले असते? कोणत्या आयुष्याला त्यांनी आयुष्य म्हटलं असतं? एखाद्या नातेवाइकाच्या आजारपणात ते कधी काही बोलले होते का? हृदय थांबलं तर छाती दाबायची का, असंही विचारतील. तेव्हा ‘या परिस्थितीत त्याचा उपयोग होईल का? तुमचा सल्ला काय?’ असं उलट विचारा. वैद्यकीय निर्णयाचं ओझं एकट्या मुलीच्या किंवा मुलाच्या खांद्यावर नसतं. तुम्ही बाबांचं मन सांगता, डॉक्टर शक्य काय ते सांगतात, आणि निर्णय दोन्ही मिळून होतो. कायदे ठिकाणानुसार वेगळे आहेत, तेवढं तिथल्या डॉक्टरांकडून समजून घ्या. उपचारांचा जोर कमी करायचा ठरला तरी वेदना आणि धाप यांवरचे उपचार थांबत नाहीत. ते त्या वेळी वाढवतात.

आणि रात्री घरी जा. मनापासून सांगते, जा. दोन चालू नंबर सिस्टरकडे द्या, काही बदल झाला तर लगेच कळवा म्हणून सांगा, आणि झोपा. शिफ्ट बदलण्याच्या वेळी फोन करू नका, तेव्हा एक सिस्टर दुसरीला रुग्णाची सगळी कहाणी सांगत असते आणि तिथे तुटलेला धागा धोकादायक असतो. तासाभराने करा. तुम्ही आणि भाऊ पाळ्या लावा. सहा रात्री खुर्चीत काढलेल्या माणसाला भेटीच्या दहा मिनिटांत देण्यासारखं काही उरत नाही, आणि खरा पल्ला पुढे आहे. झोप उडाली, खोलीत शिरताना छाती धडधडते, असं होत असेल तर स्वतःच्या डॉक्टरला सांगा. आयसीयूतल्या रुग्णांच्या घरच्यांना हा त्रास महिनोन्‌महिने होऊ शकतो, आणि त्यावर उपाय आहेत.

आत जाताना हात धुवा. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी भावाला पाठवा.

रोज दोन-चार ओळी लिहून ठेवता आल्या तर पाहा. आज काय झालं, कोण भेटून गेलं, बाबांनी बोट हलवलं, असं काहीही. स्कँडिनेव्हियातल्या देशांत सिस्टर रुग्णासाठी अशी वही लिहितात. बाहेर आलेल्या माणसाला मधल्या दिवसांचं काही आठवत नाही, किंवा डिलिरियममधली भयंकर चित्रं तेवढी आठवतात. पुढे कधी त्यांनी विचारलं, तर खरं काय घडलं ते त्या वहीत असेल. वाचायची घाई मात्र त्यांनी स्वतः म्हटल्याशिवाय करू नका.

बाबा वॉर्डात आले की सगळे आनंदतात आणि दुसऱ्याच दिवशी घाबरतात. इथे यंत्रं नाहीत, एका सिस्टरकडे कितीतरी रुग्ण, आणि बाबांना तर उठून बसवतही नाही. हे अपेक्षित आहे. गंभीर आजारात पडून राहिल्याने स्नायू फार भराभर झडतात. चमचा धरता येत नाही, आवाज घोगरा असतो, गिळताना ठसका लागतो. म्हणून गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय आपल्या मनाने तोंडातून पाणीसुद्धा देऊ नका. फिजिओथेरपी पहिल्या दिवसापासून मागा. घरी गेल्यावरही विसरणं, चिडणं, दचकून उठणं महिनोन्‌महिने राहू शकतं. डिस्चार्जच्या कागदांवर व्हेंटिलेटरवर किती दिवस होते आणि डिलिरियम झाला होता हे दोन्ही लिहिलंय का बघा. नसेल तर लिहून मागा, आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला तो कागद दाखवा.